दहा बोटांचा आग्रह

नेवरेकर सरांना कुणी विचारलं, "सर, क्लास परत कधी सुरू करताय?" की ते चष्मा काढून पुसायला लागतात. चष्मा आधीच लख्ख असतो. मग म्हणतात, "डोळे आता साथ देत नाहीत हो." साफ खोटं. विरारच्या मनवेलपाड्यातल्या आमच्या इमारतीच्या फळ्यावर टँकरची वेळ लिहिताना सेक्रेटरीची वेलांटी चुकली, तर ती पहिल्यांदा दिसते सरांनाच, आणि घरून खडू आणून ते ती दुरुस्तही करतात. डोळे उत्तम आहेत. शिकवण्यावरचं मन उडालंय. ते का उडालं हे थोडं मला सरांनी सांगितलं, थोडं विनयाकाकूंनी, म्हणजे त्यांच्या पत्नीनं, आणि उरलेलं वसईच्या सँड्रानं. सगळं जुळवायला बराच काळ गेला, कारण सर बोलता बोलता मध्येच थांबतात आणि चहाचं विचारायला लागतात.

मी सरांची जुनी विद्यार्थिनी. विरार पूर्वेला त्यांची 'अचूक टायपिंग इन्स्टिट्यूट' होती. पत्र्याचं छप्पर, रांगेनं मांडलेली मशीनं आणि त्या खटखटाटात पाठीमागे हात बांधून फिरणारे सुधाकर नेवरेकर. चूक ते डोळ्यांनी पकडत नसत, कानांनी पकडत. "संपदा, करंगळी झोपली का तुझी?" असं माझ्या पाठीमागून किती वेळा ऐकलंय, त्याला गणती नाही. पहिली ओळ पक्की झाल्याशिवाय दुसऱ्या ओळीला हात लावायचा नाही. बोटांकडे बघायचं नाही. बघितलं तर सर मशीनवर फडकं टाकत आणि फडक्याखाली हात घालून टाइप करायला लावत. आणि एका बोटानं टाइप करताना कुणी सापडला, तर त्याची धडगत नव्हती. "कोंबडी आहेस का? दाणे टिपतेस?" असं सगळ्यांसमोर विचारत. त्यांचं म्हणणं एकच होतं: हात एकदा बिघडला की जन्मभर बिघडला.

आम्ही त्यांच्यावर चिडायचो, मागे नकला करायचो, पण मिनिटाला मराठी तीस आणि इंग्रजी चाळीस शब्दांच्या परीक्षा पहिल्या झटक्यात पास व्हायचो. मी आज पतपेढीत आहे ती त्यांच्या जिवावर. आमच्या वेळच्या कितीतरी मुली कोर्टात, तहसीलदार कचेरीत, शाळांच्या ऑफिसात लागल्या. तेव्हा सरांना आपली पद्धत म्हणजे ब्रह्मवाक्य वाटत असेल, तर त्यात नवल नाही. ती पद्धत खरोखरच चालत आली होती.

पुढे मशीनवरच्या परीक्षा बंद झाल्या. इन्स्टिट्यूट गुंडाळली. मशीनं भंगारवाल्यानं नेली, आणि सर घरी बसून विनयाकाकूंच्या वाणसामानाच्या यादीतल्या ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका काढू लागले. काकूंनी अक्षरशः हात टेकले. त्या मला म्हणायच्या, "ह्यांना कुठंतरी अडकव बाई, नाहीतर मी माहेरी जाते." माहेर रत्नागिरीला, आणि तिथं आता कुणी राहत नाही.

अशात वसईहून बोलावणं आलं. तिथल्या होळी नावाच्या बाजारपेठेजवळ एका ज्येष्ठ नागरिक मंडळाला मुंबईच्या कुठल्याशा ऑफिसनं टाकाऊ झालेले कॉम्प्युटर दिले होते. ते इतके जुने होते की सगळीकडे असते ती सिस्टीम त्यांच्यावर चालेना. नायगावच्या टॉवरमध्ये राहणाऱ्या सुमेध नावाच्या एका इंजिनिअरनं त्यांच्यावर लिनक्स नावाची फुकट मिळणारी सिस्टीम घालून दिली, दीड तास सगळं दाखवलं आणि बदली होऊन बंगळुरूला गेला. आता शिकवणार कोण? मंडळातल्या एकाची मुलगी सरांच्या हाताखाली शिकलेली. तिनं नाव सुचवलं.

सरांनी लिनक्स हा शब्दसुद्धा ऐकला नव्हता. त्यांनी एक कॉम्प्युटर घरी आणला, जेवणाच्या टेबलावर मांडला आणि जाहीर केलं की आपल्याला पूर्ण येईपर्यंत दुसऱ्याला शिकवणार नाही. पुढचे दोन महिने नेवरेकरांच्या घरी लोक जमिनीवर बसून जेवले.

ते दोन महिने सरांनी जे सोसलं ते त्यांनी इन्स्टिट्यूटमध्ये कुणालाही सोसायला लावलं नसेल. सिस्टीम एके ठिकाणी पासवर्ड मागे, आणि तो टाइप करताना पडद्यावर काहीच उमटत नसे, साधा ठिपकासुद्धा नाही. सरांना वाटलं कीबोर्ड मेला. त्यांनी तो उलटा करून झटकला, आतून बिस्किटाचा चुरा पडला, तो काकूंनी भरला. दोन दिवसांनी लक्षात आलं की ती सिस्टीम पासवर्ड दाखवतच नाही. फाईलच्या नावातलं इंग्रजी अक्षर मोठं की लहान, यावरूनही ती अडून बसे. सरांना मात्र ते फार आवडलं. "शिस्त आहे हिला," असं ते कौतुकानं म्हणाले.

खरी पंचाईत झाली मराठीची. सरांच्या बोटांत टाइपरायटरवरची मराठी मुरलेली, आणि या सिस्टीमवर अक्षरांच्या जागा सगळ्याच वेगळ्या. मात्रा-वेलांट्या डाव्या हाताला, अक्षरं उजव्या हाताला. सरांनी 'नमस्कार' लिहायला घेतलं की भलतंच काहीतरी उमटे. ज्या बोटांनी अख्ख्या विरारला शिकवलं, ती सदुसष्टाव्या वर्षी अडाणी झाली. एका दुपारी काकू झोपून उठल्या, तर सर कीबोर्डवर वाकून एका बोटानं 'क' शोधताहेत. काकू म्हणाल्या, "कोंबडी आली वाटतं घरात!" सर इतके ओशाळले की त्यांनी कॉम्प्युटर बंदच केला. दुसऱ्या दिवसापासून ते पुन्हा पहिल्या ओळीपासून बसले: कर, तर, पर, चर, कट, पट. महिन्याभरात हात बसला. सर मला म्हणाले, "बघ संपदा, या वयात माझा बसला म्हणजे कुणाचाही बसेल. फक्त सुरुवातीला लाड करायचे नाहीत."

नवशिक्या म्हातारपणाची फजिती त्यांनी स्वतः भोगली होती. तिच्यातून त्यांनी नेमका हाच धडा घ्यावा, याचा मला आजही राग येतो.

जुलैत वर्ग सुरू झाला. आठवड्यातून तीन दुपारी सर विरारहून वसईला जात. वर्गात नायगावच्या खाडीकाठचे नथू म्हात्रे होते, निवृत्त शाळाशिक्षिका इझाबेल डाबरे होत्या, आणखी पाचसहा जण होते. आणि होळीचे थॉमस तुस्कानो होते.

तुस्कानोंची गोष्ट मी आत्ताच सांगून टाकते, कारण ती गावात सगळ्यांना माहीत होती, एक सर सोडून. थॉमस तुस्कानोंची वाडी होती: केळी, पानवेली, आणि बावखलाच्या, म्हणजे वाडीतल्या तळ्याच्या, कडेनं सोनचाफा. वाडीतला माल विकायचं काम त्यांच्या बायकोचं, आल्बिनाचं. होळी बाजारात तिचा आवाज तिच्याआधी पोचायचा म्हणे. भावात घासाघीस करणाऱ्या गिऱ्हाइकाची ती अशी हजेरी घेई की शेजारचे विक्रेते आपला धंदा सोडून ऐकत बसत. त्या बाईला स्नायूंचा एक आजार जडला. आधी जीभ जड झाली, मग बोलणं गेलं, मग पाय, मग हात. डोकं मात्र पूर्वीसारखंच तल्लख. सगळं कळत होतं, सगळं ऐकू येत होतं, आणि तोंडातून फक्त एक घोगरा आवाज निघत होता. पेन धरता येत नव्हतं. मोबाइलच्या काचेवर बोट घसरून तीन तीन अक्षरं उमटत. चालत होतं ते डाव्या हाताचं एकच बोट, अंगठ्याशेजारचं.

डॉक्टरांनी सांगितलं होतं की बोट चालतंय तोवर त्या कॉम्प्युटरवर लिहून बोलू शकतील. काही कॉम्प्युटर तर लिहिलेलं वाचूनही दाखवतात. मुलीनं, सँड्रानं, आधी पुठ्ठ्यावर अक्षरांचा तक्ता करून पाहिला होता. थॉमसनी एकेका अक्षरावर बोट ठेवायचं, आल्बिनानं डोळे मिटून हो म्हणायचं. पण तिसऱ्या अक्षराला येईतो थॉमस पहिलं विसरत, काना राहिला की मात्रा यावर गाडी अडे, आणि आल्बिना संतापून तोंड फिरवी. विचारलेल्या प्रश्नाला ती डोळ्यांनी हो किंवा नाही म्हणू शकायची. पण जे कुणी विचारलंच नाही, ते तिनं कसं सांगायचं? त्यासाठी थॉमस तुस्कानो वयाच्या चौऱ्याहत्तराव्या वर्षी वर्गात येऊन बसले होते. आपण शिकायचं, घरी जाऊन तिला शिकवायचं आणि तिचं बोट आहे तोवर तिला बोलतं करायचं.

हे त्यांनी सरांना सांगितलं का नाही? आल्बिनाला ते खपलं नसतं. बाजार गाजवलेल्या बाईला आपली कीव केलेली सोसत नव्हती. भेटायला आलेल्या बायकांकडून ती तोंड फिरवून घेई. थॉमस मुळातच मितभाषी. आणि वर्गातल्या बाकीच्यांना वाटलं, सरांना ठाऊक असेलच. गावात जी गोष्ट सगळ्यांना माहीत असते ती कुणी बोलून दाखवत नाही, त्यातलाच हा प्रकार.

पहिल्याच दिवशी सरांनी दहा बोटं कुठं ठेवायची ते दाखवलं. थॉमसनी हात वर केला. "सर, एका बोटानं चालल का?"

वर्ग हसला. सरही हसले, मग त्यांनी आपलं नेहमीचं सुनावलं. "तुस्कानो, एका बोटानं टाइप करणाऱ्याला मी इन्स्टिट्यूटची पायरीसुद्धा चढू देत नव्हतो. देवानं दहा दिलीत ना? मग दहाही कामाला लावा."

थॉमसनी आपल्या दहा बोटांकडे पाहिलं आणि ती कीबोर्डवर ठेवली.

त्याच दिवशी एक गोंधळ झाला. पडद्याच्या कोपऱ्यात हात पसरून उभ्या असलेल्या छोट्या माणसाचं एक चित्र होतं. ज्यांचे हात, डोळे किंवा कान अधू आहेत, त्यांच्यासाठीच्या सगळ्या सोयी त्या माणसाच्या पोटात होत्या. पडद्यावर मोठी अक्षरं, एकाच बटणावर चालणारा कीबोर्ड, लिहिलेलं वाचून दाखवणारा आवाज. सरांनी घरी शिकताना ते सगळं उघडून पाहिलं होतं. अभ्यासक्रमात हे लागणार नाही, असं ठरवून सोडून दिलं होतं. नथू म्हात्रेंचा हात चुकून तिथं पडला आणि कॉम्प्युटर हेंगाड्या मराठीत बडबडायला लागला. इझाबेलबाईंनी छातीवर क्रूस काढला. नथू ओरडले, "मास्तर, याला कोनी बोलवला? मी नाय हात लावला!" वर्ग हसून हसून लोळायचा बाकी राहिला. एकटे थॉमस तेवढे उठून नथूंच्या मागे येऊन उभे राहिले आणि पडद्याकडे टक लावून बघत राहिले.

सरांना वर्गातला गोंधळ कधीच खपला नाही. संध्याकाळी सगळे गेल्यावर त्यांनी एकेका कॉम्प्युटरसमोर बसून ते चित्र पडद्यावरून काढून टाकलं. नवशिक्यांचा हात पडेल असं काही समोर नको, एवढाच विचार. घरी येऊन काकूंना अभिमानानं सांगितलंही.

पुढच्या वर्गाला थॉमसनी विचारलं, "सर, त्या दिवशी मशीन बोललं, तसं परत बोलवता येल?"

"येईल की," सर म्हणाले. "पण त्याचं आपल्याला काय काम? आधी हात बसू दे. सगळं शेवटी शेवटी दाखवीन."

आणि थॉमसनी मान डोलावली. सर जे म्हणाले ते सरांना माहीत असणार, असं मानणारी ती पिढी. मास्तरांशी वाद घालायचा नसतो, तसाच डॉक्टरांशी नाही आणि फादरांशीही नाही. त्यांनी एकदा जरी आवाज चढवला असता, तरी सरांनी डोळे उघडून पाहिलं असतं. पण आयुष्यभर घरात आवाज चढवायचं खातं आल्बिनाकडे होतं.

मग त्यांनी एकच विचारलं, कॉम्प्युटर घरी नेता येईल का. स्वतःचा घ्यायला आजारपणात पैसे उरले नव्हते. सरांनी आपला नियम सांगितला. ज्याचा हात बसेल, जो न बघता सगळा उतारा बिनचूक उतरवील, त्याला सरावासाठी घरी न्यायला मिळेल. मंडळाचा असा काही नियम नव्हता. तो सरांचा होता, मुलांना चुरस लागावी म्हणून इन्स्टिट्यूटमध्ये असायचा तसा.

त्या नियमाच्या पाठीमागे थॉमस तुस्कानो हात धुऊन लागले. सँड्रानं जुना तक्ता उलटा करून त्याच्या पाठीवर त्यांना कीबोर्ड काढून दिला. घरी आल्बिनाच्या पलंगाशी स्टुलावर बसून ते त्या पुठ्ठ्यावर बोटं आपटत. कर, तर, पर. आल्बिना उशीवरून बघत असे. सँड्रा म्हणते, सुरुवातीला मम्मीच्या डोळ्यांत हसू असायचं. नवऱ्याची ती बिनआवाजाची बडवाबडवी बघून तिला काहीतरी झणझणीत बोलायचं असणार, हे समजत होतं. वाडीत खणून, झावळ्या ओढून जाड झालेली ती बोटं. पहिल्या महिन्यात त्यांची करंगळी हलेचना. सर त्यांच्या पाठीमागे उभे राहून म्हणायचे, "करंगळी, तुस्कानो, करंगळी!" आणि ते घाम पुसत पुन्हा सुरू करायचे.

सर त्या दिवसांत खुशीत असत. मला जिन्यात गाठून सांगत, "वसईला एक विद्यार्थी मिळालाय. चौऱ्याहत्तर वय. काय जिद्द आहे! अशी मुलं मला इन्स्टिट्यूटमध्ये चार मिळाली असती, तर नाव काढलं असतं." ती जिद्द कशाची आहे, असं मात्र त्यांनी एकदाही विचारलं नाही. इन्स्टिट्यूटमध्ये कधी विचारायची वेळच आली नव्हती. तिथं येणाऱ्या प्रत्येकाला एकच हवं असे, सर्टिफिकेट.

ऑक्टोबरच्या उकाड्यात आल्बिनाचं बोट अडखळायला लागलं. थॉमस अधिकच घाईला आले. एकदा त्यांनी परीक्षा लवकर घ्याल का, म्हणून विचारलं. सर म्हणाले, "कच्च्या हातानं परीक्षा दिली की हात कायमचा कच्चा राहतो."

नोव्हेंबरच्या शेवटी त्यांनी फडक्याखाली हात घालून अख्खा उतारा बिनचूक उतरवला. वर्गानं टाळ्या वाजवल्या. सरांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, असं इझाबेलबाई सांगतात. थॉमसनी टाळ्या संपायचीही वाट पाहिली नाही. कॉम्प्युटर चादरीत गुंडाळला, रिक्षा बोलावली आणि मांडीवर घेऊन ते घरी गेले.

घरी त्यांनी आल्बिनाचा हात उचलून कीबोर्डवर ठेवला. बोट बटणावर टेकलं. दाबलं मात्र गेलं नाही. थॉमस रोज बोट ठेवत होते, रोज थांबून बघत होते. मग त्यांना तो बोलणारा छोटा माणूस आठवला. त्यांनी पडद्याचे चारी कोपरे शोधले, सँड्रा ऑफिसातून आल्यावर तिला शोधायला लावलं. तो कुठंच नव्हता. सँड्रा म्हणाली, सरांना फोन करूया. थॉमस म्हणाले, "नको. सरांनी सांगितलंय, शेवटी शेवटी दाखवीन."

नाताळच्या आधीच्या आठवड्यात आल्बिना गेली. वर्गाला सुट्टी होती. वर्गातले सगळे अंत्यविधीला होते, आणि प्रत्येकाला वाटलं की विरारला दुसऱ्या कुणीतरी कळवलं असेल. सर त्या दिवशी नव्या वर्षासाठी नवे उतारे निवडत बसले होते.

जानेवारीत वर्ग उघडला. सरांनी कुलूप काढलं तोच सँड्रा रिक्षातून उतरली, चादरीत गुंडाळलेला कॉम्प्युटर घेऊन. सरांनी तिला पूर्वी पाहिलं नव्हतं. तिनं नाव सांगितलं, तसे ते उत्साहात म्हणाले, "अगं, परत कशाला आणलास? तुझ्या वडिलांसारखा विद्यार्थी नाही मंडळात. त्यांना म्हणावं, राहू दे घरीच."

"कुणासाठी ठेवू?" सँड्रानं विचारलं.

मग तिनं सगळं सांगितलं. ती तावातावानं बोलत होती, मध्येच रडत होती. डाव्या हाताचं बोट जुलैत चालत होतं, हे तिनं दोनदा सांगितलं. सर खुर्चीवर बसले. शेवटी ती म्हणाली, "आणि ते बोलणारं काय होतं? डॅडी वेड्यासारखे शोधत होते. आमच्या मशीनमध्ये नव्हतंच का ते?"

सर उठले. कॉम्प्युटर जोडला, सुरू केला, दोनतीन ठिकाणी माऊस दाबला. हात पसरलेला छोटा माणूस कोपऱ्यात येऊन उभा राहिला. सरांनी तो उघडला. पडद्यावर मोठ्ठी अक्षरं आली आणि त्यांच्यावरून एक पिवळी चौकट आपोआप हळूहळू सरकू लागली. हवं ते अक्षर आलं की एका बटणाला कशानंही नुसता धक्का द्यायचा. बोटच हवं असं नाही; कोपर चालतं, गुडघा चालतो, मान कलती करून गालाचा धक्का दिला तरी चालतं. सरांनी एक शब्द जुळवून दाखवला आणि कॉम्प्युटरनं तो त्याच हेंगाड्या आवाजात वाचला.

"एवढंच होतं?" सँड्रा म्हणाली.

मला हा प्रसंग सांगताना सर इथंच थांबले आणि खिडकीशी जाऊन उभे राहिले. काकूंनी मला खुणेनं सांगितलं की आता काही विचारू नकोस.

दुसऱ्या दिवशी सर होळीला गेले. थॉमस सोनचाफ्याखाली गळलेली पानं गोळा करत होते. सरांना बघून त्यांनी हात धुतले, खुर्ची आणून दिली, स्वतः बावखलाच्या कठड्यावर बसले. सरांनी हात जोडले. "तुस्कानो, मला माफ करा. मी तुम्हाला विचारायला हवं होतं. पहिल्याच दिवशी विचारायला हवं होतं."

"मी पन सांगितलं नाही, सर," थॉमस म्हणाले. "तिला आवडलं नसतं."

मग थॉमस आपणहून बोलायला लागले. शेवटच्या पंधरवड्यात आल्बिनाला काहीतरी सांगायचं होतं. नुसतं दुखतंय-खुपतंय असं ते नव्हतं, काहीतरी नेमकं होतं. ती त्यांच्याकडे बघून पुन्हा पुन्हा तोच आवाज काढी. "मी सगळं विचारलं, सर. पानी देऊ? नाही. फादरांना बोलवू? नाही. सँड्राला? नाही. रोजरीची प्रार्थना म्हणू? वाडीचं काही आहे? कुनाला काही द्यायचं राहिलंय? माझ्यावर रागावलीस? सगळ्याला नाहीच. उशाशी बसून सुचंल ते विचारत होतो. मग एके दिवशी तिनं नाही म्हनायचंपन सोडलं. डोळे मिटून घेतले. दमली असंल." त्यांनी पायाखालचं एक पान उचलून बाजूला टाकलं. "काय होतं, ते आता मला कळायचं नाही."

सांत्वन करायची सरांना सवय नाही. आयुष्यभर त्यांनी एकच गोष्ट केली, हात बघितले. कठड्यावर ठेवलेल्या थॉमसच्या त्या जाड बोटांकडे बघत ते बोलून गेले, "सराव मात्र सोडू नका तुस्कानो. तुमचा हात फार सुंदर बसलाय." हे शब्द तोंडातून गेले त्याच क्षणी आपली जीभ झडली का नाही, असं वाटल्याचं त्यांनी मला सांगितलं.

थॉमस रागावले नाहीत. त्यांनी आपले दोन्ही हात समोर धरले, उलटसुलट करून पाहिले.

"हो, सर. चांगला बसलाय," ते म्हणाले. "पन मला काही लिहायचं नव्हतं. लिहायचं होतं ते तिला."